नोराथचे रहिवासी

२००१ साली एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं नोराथ नावाच्या एका देशाच्या अर्थव्यवस्थेवर निबंध लिहिला. तिथला माणूस तासाला सुमारे साडेतीन डॉलर कमावतो आणि दरडोई राष्ट्रीय उत्पन्न २,२६६ डॉलर आहे, असा त्याचा हिशेब होता. जगाच्या यादीत हा देश त्या वेळी ७७वा आला असता. म्हणजे रशियाच्या शेजारी, आणि भारताच्या कितीतरी वर. नोराथ अर्थातच नकाशावर नाही. १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या ऑनलाइन खेळातली ती एल्फ, बुटके आणि जादूगार यांची भूमी. खेळाडू तिथली नाणी आणि चिलखतं लिलावाच्या वेबसाइटवर खऱ्या डॉलरना विकत होते. त्या भावांवरून कॅस्ट्रोनोव्हानं हे आकडे काढले आणि पुढं बरीच वर्षं लोक ते गंमत म्हणून एकमेकांना सांगत राहिले. माझं लक्ष मात्र त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या एका उत्तराकडे जातं. पाहणीत भाग घेतलेल्या खेळाडूंपैकी साधारण पाचव्या हिश्श्यानं सांगितलं होतं, की आम्ही राहतो नोराथमध्येच, बाहेर येऊन-जाऊन असतो एवढंच. या माणसांना घरदार होतं, अनेकांना नोकरी होती, आणि ती शुद्धीवर होती. त्यांचं बोलणं खूळ म्हणून उडवून लावण्याआधी ते साक्ष म्हणून नोंदवून घ्यायला काय हरकत आहे?

या साक्षीचा नेहमीचा अर्थ असा लावला जातो: खरं जगणं कठीण, खेळ सोपा, म्हणून माणसं पळतात. हा अर्थ लावणाऱ्यांनी ‘एव्हरक्वेस्ट’ खेळून पाहिलेला नसावा. त्या खेळात मेलं की महत्प्रयासानं मिळवलेला अनुभव कापला जायचा आणि तुमचं सगळं सामान तुमच्या प्रेताबरोबर जिथल्या तिथं पडून राहायचं. मग नव्या जन्मातल्या उघड्या अंगानं, शस्त्राशिवाय, ज्या राक्षसानं मारलं त्याच्याच गुहेत जाऊन स्वतःचं प्रेत शोधायचं. एका खंडातून दुसऱ्या खंडात जायचं तर धक्क्यावर उभं राहून बोटीची वाट बघायची, आणि ती वाट खरोखरीच्या मिनिटांत मोजली जायची. त्याआधी दोन वर्षं आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये निर्मात्यांनी लढाया आणि ड्रॅगन मांडून ठेवले होते, तरी अनेक खेळाडूंनी पाव भाजणं, कपडे शिवणं, मासे धरणं, लोहाराचा भाता चालवणं असे धंदे पत्करले. दिवसभर कामावर राबून आलेली माणसं रात्री दरमहा पैसे भरून पुन्हा राबायला बसत होती. आरामाची हौस म्हणून याचा उलगडा होत नाही. त्यांना कामाचा कंटाळा नव्हताच. बाहेरच्या कामात जे मिळत नाही ते इथल्या कामात मिळत होतं, आणि मला वाटतं ते म्हणजे हिशेब. केलेल्या कष्टाची नोंद होणं, ती सगळ्यांना दिसणं आणि तिचं फळ ठरल्याप्रमाणे पदरात पडणं.

हे फार जवळून पाहायचं असेल तर ‘स्टारड्यू व्हॅली’ घ्यावा. एरिक बॅरोन या तरुणानं एकट्यानं चारेक वर्षं खपून केलेला हा खेळ २०१६ मध्ये आला आणि २०२४ संपेपर्यंत त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. कंपनीतल्या खुराड्यात बसून विटलेला नायक आजोबांनी ठेवलेल्या शेतावर येतो, एवढीच कथा. गावात एक जादूगार आहे, खाणीत भुतंखेतं आहेत, पण खेळाडूचा बहुतेक वेळ जातो तो शेतात. पार्सनिप नावाचं गाजराच्या जातीचं एक कंद असतं. त्याचं बी २० नाण्यांना मिळतं, रोज पाणी घातलं तर चार दिवसांत पीक तयार होतं आणि साधं पीक ३५ नाण्यांना जातं. पाणी चुकवलं तर पीक लांबतं, बुजगावणं उभं केलं नाही तर कावळे येतात, ऋतू पालटला की शेतात राहिलेलं पीक वाळून जातं. म्हणजे कष्टही आहेत आणि नुकसानही. मात्र टीव्हीवर उद्या पाऊस सांगितला तर उद्या पाऊस पडतो. संध्याकाळी माल घराशेजारच्या पेटीत टाकला की सकाळी पैसे जमा. अडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही.

आता लासलगावच्या बाजार समितीत या. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात ती पुन्हा खुली केली. बंदीच्या दिवशी ज्याचा ट्रॅक्टर भरून उभा होता त्याच्या कष्टात आदल्या दिवसापेक्षा काहीही उणं नव्हतं. बी तेच, पाणी तेच, निंदणी-खुरपणी तीच. भाव पडला तो दिल्लीत निघालेल्या एका कागदानं. त्या कागदामागं शहरातल्या गिऱ्हाइकाची सोय होती, हे मान्य. पण शेतकऱ्यानं यातून शिकायचं काय? जास्त राबलो असतो तर? वेगळं पेरलं असतं तर? काहीच नाही, त्याच्या हातात काही नव्हतं. काम आपलं, फळावर हक्क सांगू नये, हे आपल्याकडे मुलांना कळायला लागल्यापासून ऐकवलं जातं. उपदेश म्हणून तो थोर आहे, आणि अनेकांना त्यानं तारलंही आहे. पण ज्या जगात हा उपदेश इतक्यांदा करावा लागतो त्या जगाबद्दल तो काही फारसं बरं बोलत नाही. पार्सनिप लावणाऱ्याला तो कोणी करत नाही, कारण त्याला त्याची गरज पडत नाही.

एकट्याच्या शेतात न्याय सोपा असतो, अनेक माणसं आली की खरा प्रश्न सुरू होतो, असं कोणी म्हणेल. म्हणून ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’कडे पाहू. २००४ च्या नोव्हेंबरात आलेल्या या खेळाचे २०१० मध्ये एक कोटी वीस लाख वर्गणीदार होते. त्याच्या सुरुवातीच्या काळात मोल्टन कोर नावाच्या धगधगत्या गुहेत चाळीस जणांनी एकत्र उतरायचं असे. या मोहिमेला खेळाडू ‘रेड’ म्हणतात. टँक पुढं राहून मार खातो, हीलर त्याला जिवंत ठेवतात, बाकीचे वार करतात. एकाचं पाऊल चुकलं तर चाळीसही जण मरतात आणि प्रत्येकाला चिलखत-दुरुस्तीचा खर्च बसतो. आठवडेच्या आठवडे अशा रात्री गेल्यावर एकदाचा तो राक्षस पडतो. लुटीत दोन-चार वस्तू निघतात, आणि हात असतात चाळीस. कोणाला द्यायचं? खेळात याचं चोख उत्तर नव्हतं, म्हणून खेळाडूंनीच ते काढलं. ‘एव्हरक्वेस्ट’च्या दिवसांतच काही गिल्डांनी, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या संघांनी, ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ नावाची पद्धत सुरू केली होती. मोहिमेला हजर राहिलं की गुण मिळायचे. अनेक गिल्डांत वेळेवर आल्याचे वेगळे, आणि सगळे हरून घरी गेले त्या रात्रीचेही. वही सगळ्यांना उघडी. वस्तू निघाली की ज्याची इच्छा असेल त्यानं साठवलेले गुण खर्चून ती घ्यायची. नोकरदार, विद्यार्थी, बेकार अशा माणसांनी मध्यरात्री, कोणी सांगितलेलं नसताना, कष्टाच्या मोबदल्याचा हा कायदा घडवला. यातल्या कितीजणांना त्यांच्या कचेरीत यंदा पगारवाढ नेमकी कशामुळं कमी मिळाली हे समजत असेल?

तंटे होत नव्हते असं नाही. म्होरक्यानं आपल्या मर्जीतल्या माणसाला तलवार दिल्याच्या, एखाद्यानं ऐनवेळी लूट घेऊन पोबारा केल्याच्या कहाण्या पोत्यानं आहेत. पण तिथं अशा म्होरक्याचं गिल्ड महिन्याभरात रिकामं होतं. माणसं उठतात आणि दुसरीकडे जातात. नोकरी, सोसायटी, सासर किंवा जात यांतून इतक्या सहज उठून जाता येत नाही. जातीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. महाराष्ट्रात अनोळखी माणूस पहिल्या पाच मिनिटांत आडनाव विचारतो आणि ते कशासाठी विचारलं हे दोघांनाही ठाऊक असतं. हीलरला आडनाव नसतं. तो वेळेवर येतो का आणि टँकला मरू देतो का, एवढंच विचारतात. अर्थात हेही पुरं खरं नाही. व्हॉइस चॅटवर बाईचा आवाज ऐकू आला की काहींच्या तोंडून जे निघतं, त्यावरून बाहेरची घाण आत यायला दार लागत नाही हे कळतं. म्हणून कितीतरी मुली माइक बंद ठेवून खेळतात.

आता आक्षेप. सगळ्यात जुना आक्षेप पलायनाचा, आणि तो खेळांच्याही कितीतरी आधीचा. १९३९ मध्ये परीकथांवर व्याख्यान देताना इंग्रजी लेखक टोल्किननं त्याला जे उत्तर दिलं त्याहून नेमकं मला माहीत नाही. तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी आणि रणांगणातून पळणारा शिपाई या दोघांना टीकाकार एकाच मापानं मोजतात, असा त्याचा मुद्दा होता. मराठी वाचकाला हे समजायला परक्या मुलखात जायला नको. तरुणपणी सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून नाथमाधवांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. त्यानंतर त्यांनी ‘वीरधवल’सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिल्या आणि मराठी घराघरांत त्या वाचल्या गेल्या. लिहिणाऱ्याला खाटेवरून उठता येत नसताना त्यानं आपले नायक घोड्यावर बसवून दऱ्याखोऱ्यांतून दौडवले, याला कोणी पळपुटेपणा म्हटल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. मग तीच दौड पडद्यावर करणाऱ्याला का म्हणावं?

यावर अधिक धारदार आक्षेप असा, की कादंबरी ही कादंबरीच राहते, तिच्यात कोणी राहायला जात नाही. खेळात राहणं म्हणजे खोट्या अनुभवात राहणं. अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यानं १९७४ मध्ये एक यंत्र कल्पिलं. मेंदूला तारा जोडल्या की हवा तो अनुभव मिळेल: ग्रंथ लिहिल्याचा, मैत्री झाल्याचा. तुम्ही त्यात जन्मभर बसाल का? बहुतेकजण नाही म्हणतील असं त्याला वाटलं, कारण आपल्याला केल्याचा भास नको असतो, करायचं असतं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच तो खेळाला लागू पडत नाही असं मी म्हणतो. नोझिकच्या यंत्रात हरता येत नाही, आणि तिथला मित्र म्हणजे तारांनी उठवलेला भास. रेडमधली उरलेली एकोणचाळीस माणसं खरी असतात. कोणी ओस्लोत, कोणी ॲमस्टरडॅममध्ये, कोणी रात्रपाळी संपवून आलेलं. राक्षस खोटा असतो, पण त्याला पाडण्यासाठी घेतलेली शिस्त, संयम आणि एकमेकांवर टाकलेला भरवसा खोटा नसतो.

याची सगळ्यात मोठी साक्ष नॉर्वेच्या मॅट्स स्टीनची. १९८९ मध्ये जन्मलेल्या या मुलाला डुशेन नावाचा स्नायूंचा आजार होता. बालपणीच व्हीलचेअर आली आणि शेवटच्या वर्षांत बोटांपलीकडे फारसं काही हलत नव्हतं. २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. आपल्या मुलाला मैत्री, प्रेम, कोणाच्या उपयोगी पडणं यातलं काही मिळालं नाही, याचं आईवडिलांना अतोनात दुःख होतं. तो सारखा खेळत असे एवढं त्यांना माहीत होतं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर मृत्यूची बातमी टाकली, आणि युरोपभरातून माणसांची पत्रं यायला लागली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये मॅट्स हा इबेलिन रेडमूर होता, ‘स्टारलाइट’ नावाच्या गिल्डचा धिप्पाड उमराव. तो गावोगाव धावायचा, मुलींशी गप्पा ठोकायचा, लोकांची भांडणं मिटवायचा, कधी स्वतःही भांडायचा. घरच्यांनी कॉम्प्युटर काढून घेतलेल्या एका मैत्रिणीच्या आईवडिलांना त्यानं समजावणारं पत्र लिहिलं होतं. ज्या आईला आपल्या स्वमग्न मुलाच्या जवळ जाता येत नव्हतं तिला त्यानं खेळाच्या वाटेनं मुलापर्यंत पोहोचवलं. आपला आजार त्यानं त्यांच्यापासून वर्षानुवर्षं लपवला, कारण त्याला तिथं रुग्ण व्हायचं नव्हतं. अंत्यसंस्काराला गिल्डमधली काही माणसं वेगवेगळ्या देशांतून आली. गिल्डनं जपून ठेवलेल्या हजारो पानांच्या संभाषणांवरून बेंजामिन री यानं केलेला माहितीपट २०२४ मध्ये जगभर पाहिला गेला. ज्या घरात मॅट्सला सगळे मदत करत होते, त्याच घरातल्या एका खुर्चीवरून तो इतरांना मदत करत होता. दोन्हींतलं कुठलं आयुष्य सरस, हे त्याच्यापुरतं तरी मला कोड्यात टाकत नाही.

मॅट्स अपवाद होता, धडधाकट माणसाला हे लागू नाही, असं म्हणणाऱ्यांना मी विचारेन की धडधाकट म्हणजे नक्की कोण? तोतरा बोलणारा, कुरूप ठरवलेली, साठी उलटल्यावर कोणी सल्लाही न विचारणारा, इंग्रजी फाड-फाड येत नाही म्हणून मुलाखतीत गप्प बसणारी. शरीर, घर, गाव आणि भाषा ही जन्माच्या वेळी चिठ्ठ्या टाकून वाटलेली असतात. मॅट्सला आलेली चिठ्ठी जास्त क्रूर होती म्हणून फरक ठळक दिसतो, इतकंच.

मात्र त्याच गोष्टीत माझ्या म्हणण्याला लागणारी खरी अडचणही आहे. मॅट्स त्या जगात धावू शकत होता, कारण या जगात कोणीतरी त्याला भरवत होतं, कूस बदलून देत होतं, रात्री त्याच्या श्वासावर लक्ष ठेवत होतं. नोराथमध्ये पाव भाजणाऱ्यालाही रात्री खऱ्या पोळ्या लागतात. खोलीच्या दाराशी ठेवलेलं ताट आणि तासाभरानं तसंच उचलून नेणारी आई, हे त्या न्याय्य जगाच्या वहीत कुठंच नोंदलं जात नाही. २०१० मध्ये दक्षिण कोरियात एका जोडप्याचं तान्हं बाळ उपासमारीनं दगावल्याचं उघड झालं. ते दोघं तासन् तास इंटरनेट कॅफेत बसून एका खेळातल्या मुलीचं संगोपन करत होते. यापुढं कुठलीही सफाई चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या अनावर आसक्तीला आजारांच्या यादीत घातलं आणि २०२२ पासून ती यादी लागू झाली, तेव्हा अनेक खेळाडू रागावले. मला तो राग पटत नाही. त्या व्याख्येत तास मोजलेले नाहीत. ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या वर खेळ जाणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारणपणे वर्षभर चालू राहणं, हे तिचे निकष आहेत. खेळातलं जग जगण्याला सरस ठरू शकतं ते दुसऱ्याच्या कष्टावर उभं राहून, हे मान्य केलंच पाहिजे. फक्त तेच माप या जगातल्या गड-किल्ल्यांनाही लावावं, संगीताच्या मैफलींनाही, आणि स्वयंपाकघराकडे कधी न फिरकलेल्या थोर ग्रंथकारांनाही. ताट त्यांनाही कोणीतरी आणून देत होतं.

उरला मालकाचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत बोचतो. या जगांचा राजा ही एक कंपनी असते आणि राजाला वाटेल तेव्हा कायदा बदलता येतो. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ या खेळात जेडाय योद्धा होणं फार दुर्मीळ होतं. लोक महिनोन् महिने राबून तिथं पोहोचत. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीनं एका फटक्यात सगळी व्यवसायरचना मोडली, तिसाहून जास्त धंद्यांचे नऊ केले, आणि नवख्याला पहिल्याच दिवशी जेडाय होता येईल अशी सोय केली. खेळ सोपा झाला. पलायनाचा सिद्धांत खरा असता तर लोकांनी पेढे वाटायला हवे होते. ते संतापले आणि झुंडीनं सोडून गेले. कोणाची तलवार काढून घेतली नव्हती, फक्त राबल्याची नोंद फाडून टाकली होती. लासलगावचा शेतकरी ज्या कारणानं चिडतो त्याच कारणानं. खऱ्या पैशानं खेळातली ताकद विकत घेता येते तिथंही हीच तिडीक दिसते. हरल्याचं वाईट वाटत नाही, पण पाकीट जाड असलेल्यानं रांग मोडलेली खपत नाही.

आणि कंपनी जगच बंद करू शकते. ‘सिटी ऑफ हीरोज’ या खेळातलं शहर ३० नोव्हेंबर २०१२ ला कायमचं मिटलं. खेळाडूंनी विनवण्या केल्या, सह्या गोळा केल्या, मुख्य चौकात मशाली घेऊन जमले. काही उपयोग झाला नाही. पण तिथल्या रहिवाशांनी ते सोडलं नाही. २०१९ मध्ये बाहेर आलं, की एका छोट्या गटानं खेळाची संहिता, म्हणजे सोर्स कोड, मिळवून तो वर्षानुवर्षं गुपचूप आपल्या सर्व्हरवर चालू ठेवला होता. बाकीचे आधी चिडले, आम्हाला का सांगितलं नाही म्हणून. मग संहिता सगळ्यांसाठी खुली झाली आणि स्वयंसेवकांनी शहर पुन्हा उभं केलं. जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीनं त्यातल्या ‘होमकमिंग’ या गटाला रीतसर परवाना दिला. आता तिथं दरमहाची सक्तीची वर्गणी नाही. सर्व्हरचा खर्च रहिवाशांच्या देणग्यांतून भागतो, डागडुजी त्यांच्यातलेच काहीजण बिनपगारी करतात, आणि नियम बदलायचा तर त्यावर आधी कडाक्याचे वाद होतात.